अस्तरातली पट्टी

गॉलवे, आयर्लंड,
२६ ऑक्टोबर २०२१

ती. मेधाताईंस,
माधवीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर आई शेजारीच बसलेल्या असतात, आणि मला जे विचारायचंय ते त्यांच्यासमोर विचारता येणार नाही. म्हणून कुरियरने पाठवतेय.

परवा रविवारी आम्ही इथून तासाभरावरच्या गावी शेतकी जत्रेला गेलो होतो. आईंना येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत, आणि रेवाला आजीला काय दाखवू नि काय नको असं झालं होतं. बक्षिसाच्या गाई, मेंढ्या, जॅमच्या बरण्यांची स्पर्धा, आणि तुमच्या भावाच्या पोटाएवढा एक भोपळा. हे त्याला सांगू नका.

अभिजित गाडी लावायला गेला, मी चिप्सच्या रांगेत उभी राहिले. आई आणि रेवा मेंढ्यांच्या कुंपणाशी होत्या. दहा मिनिटांत रेवा एकटीच आली. म्हणाली, आजी मला इथेच थांब म्हणाली आणि स्वारगेटची बस बघायला गेली.

ताई, पाऊण तास गेला. सगळे तंबू, सगळे गोठे पाहिले. लाउडस्पीकरवर कुणी तरी आईंचं नाव वेडंवाकडं पुकारत होतं. मैदानाच्या मागे नदी आहे, पावसाने भरलेली. मी तिकडे बघायचंच टाळत होते. शेवटी अभिजितचा फोन वाजला. एका शेतकरी बाईंना आई गावाबाहेरच्या रस्त्यावर उभ्या दिसल्या होत्या. बाईंनी गाडीत बसवलं तेव्हा आईंनी कोटाची बटणं काढून त्यांना आतलं अस्तर दाखवलं. तिथे पांढरी पट्टी शिवलेली होती. त्यावर लाल दोऱ्याने इंग्रजीत, ‘कृपया माझ्या मुलाला फोन करा’, आणि खाली अभिजितचा नंबर.

ते टाके मी ओळखते. शेवटी गाठ न मारता तीन उलटे टाके. रेवाच्या बारशाला तुम्ही पाठवलेल्या झबल्यांवर हेच होते. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी एक अक्षर न बोलता तुम्ही त्यांना विमानात बसवून दिलंत. मी पोरीला त्यांच्या भरवशावर सोडलं होतं हो.

अभिजितने आईंचं २० नोव्हेंबरचं परतीचं तिकीट काढलंय. दाराला सतत कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. आई मला विचारतात, मी काही चोरलंय का गं. रेवा तिच्या इंग्रजीत बापाला सांगते की आजी अगदी ग्रँड आहे, म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत. तो तिच्यावरही खेकसतो.

लोभ आहेच. रागही आहे, तो लपवत नाही.

आपली,
माधवी


पुणे,
६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज

चि. सौ. माधवी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र ऐन लक्ष्मीपूजनाला हातात पडलं. आज भावाला ओवाळायचा दिवस, आणि तो माझा फोन उचलत नाही.

मला माहीत होतं. जून महिन्यात आईने एकाच चहात तीनदा साखर घातली. ऑगस्टमध्ये मंडईतून घरी यायचा रस्ता चुकली आणि मला सांगितलं की मैत्रीण भेटली होती. मी खरं मानल्यासारखं केलं. लॉकडाउनपासून आम्ही दोघीच या घरात. दिवसभर ऑफिसचं काम, आणि कान तिच्या पावलांकडे. इथल्या डॉक्टरांकडे न्यायचं मी पुढे ढकलत राहिले. तुम्हाला सांगितलं असतं तर अभिजितने तिचं येणं लांबवलं असतं, आणि मला तीन महिने झोप हवी होती. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. रेवाला काही झालं असतं तर, हा विचार आता मला झोपू देत नाही. माझं चुकलं, माधवी.

पण पट्टी मी शिवलेली नाही. तीन उलटे टाके आईच्या शिवणवर्गातले आहेत, मी तिच्याकडूनच शिकले. आणि पट्टीवर काय लिहिलंय ते तूच पुन्हा वाच. मी शिवली असती तर ‘माझ्या भावाला फोन करा’ असं लिहिलं असतं.

हे अभिजितला दाखव. आईला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. रागाची मी हक्कदार आहे, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
मेधाताई


गॉलवे,
१४ नोव्हेंबर २०२१

चि. मेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माधवीने माझ्या हातात दिलं आणि समोर बसून राहिली. सून धीराची आहे. मी वाचून झाल्यावर तिलाच रडू आलं, मग मीच चहा केला. साखर एकदाच घातली, तिने मोजली.

पट्टी मीच शिवली. गणपतीत तू ऑफिसच्या कामात होतीस तेव्हा, स्वयंपाकघरात बसून. मला गुढीपाडव्यापासून कळत होतं. मधेच घरातली वस्तू परक्याची वाटते, मग पुन्हा आपली होते. तू बघतेस तेही दिसत होतं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू मला जाऊ दिलं नसतंस. रेवाला मी एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. तिचं नाव माझ्या तोंडात आहे तोवर तिला भेटायचं होतं. तेव्हा तू एकटी दोषी नाहीस. आपण दोघी एकमेकींना फसवत होतो. त्या दिवशी तिला मेंढ्यांपाशी सोडून मी कशी गेले ते मला आठवत नाही. तेवढ्याचीच मला भीती वाटते.

अभिजितने तुझं पत्र वाचलं आणि कितीतरी वेळ कोटाचं अस्तर हातात धरून बसला. काल त्याने तिकीट पुढे ढकललं. आता मी ठरल्याप्रमाणे जानेवारीतच येईन. इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कुलूप अजून आहे, ते मीच राहू दे म्हटलं, पण किल्ली आता खुंटीला असते. फिरायला जाताना रेवा माझा हात धरते. तिला वाटतं मी तिला सांभाळते.

परतीच्या प्रवासासाठी नवी पट्टी करते आहे. ‘कृपया माझ्या मुलीला फोन करा’ एवढं शिवून झालंय. तुझा नंबर मी आठवून तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा वेगळा आला. फोनमध्ये आहे, पण मला तो तुझ्या अक्षरात हवा आहे. मोठ्या आकड्यांत लिहून पाठव.

तुझी,
आई