गच्चीपर्यंत रेंज

दि. ६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी.
आज आलेलं सामान : वायफाय वरच्या मजल्यांवर नेणारे डबे, नग दोन, २,७९८. वायर पंधरा मीटर, ४५०. समाधान केबलवाल्याची मजुरी ३००. नारळ ३५. पेढे पाव किलो, १३०. एकूण ३,७१३. पेढे निम्मे आणले असते तरी चाललं असतं. डब्यांना एक्स्टेंडर म्हणतात. कुंकू लावलं.
पैसे गुडघ्यांच्या उपचारासाठी बाजूला ठेवलेल्या पाकिटातले. डॉक्टरांनी दहा दिवस शेक आणि व्यायाम सांगितलाय, मग जिना चढता येईल म्हणे. पण मला वर जायचंय कशाला? संध्याकाळी अख्खं घर माझ्याकडे तळमजल्यावर असतं. राउटर देवघराच्या फळीवर. केदार लॅपटॉप घेऊन सोफ्यावर, सूनबाई सुनीती मोबाइल आणि निवडायची भाजी घेऊन खाली, नात ऋतुजा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. मी दिवा लावला की मोबाइलमधून मान वर न काढता शुभं करोति म्हणते. पण म्हणते. शेजारच्या यमुनाबाई म्हणतात, नशीबवान आहात, आमच्याकडे सण असला तरच उतरतात. मी म्हणते, संस्कार.
वर रेंज नाही. ह्यांनी बिबवेवाडीत अर्ध्या गुंठ्यावर मजले चढवले तेव्हा स्लॅबमध्ये दुप्पट सळई घातली. समाधान म्हणाला, आजी, घर बांधलंय का बंकर? मी म्हटलं, भूकंपात कळेल.
पायरीवर बसून पोरीची पाठ भरून येते. आता फोनची कामं वरच उरकतील आणि खाली येतील ते निवांत, नुसते माझ्यासाठी.

दि. ८ जानेवारी, गुरुवार.
सुरू झालं. केदारने गच्चीवरून फोन केला, आई, इथेसुद्धा फुल रेंज! माझ्या बटणांच्या फोनमधून आणि जिन्यातून, दोन्हीकडून एकदम ऐकू आलं. सुनीती म्हणाली, आई, आम्हाला जे तीन वर्षांत जमलं नाही ते तुम्ही दोन दिवसांत केलंत. अशी ती कधी बोलत नाही.
संध्याकाळी चार कप चहा ठेवला. कोणी आलं नाही. नव्याची नवलाई. उरलेला सकाळी गरम करून घेईन.

दि. ११ जानेवारी, रविवार.
ऋतुजाची बारावी. परीक्षा महिन्यावर आली. वर अभ्यास होतो हे चांगलंच. केदारच्या मीटिंगा. सुनीती म्हणाली, वर बसूनच भाजी निवडते, देठ खाली-वर कशाला न्यायचे. बरोबरच आहे.
ठरवलं : चहा दोनच कप. एक माझा, एक येईल त्याचा.

दि. १४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
सगळे तिळगूळ घ्यायला आले. ऋतुजा नऊ मिनिटं बसली. घड्याळ समोरच आहे म्हणून कळलं. मोबाइल वर ठेवून आली होती. माझा अंदाज खरा ठरला. आधी दोन तास बसायची, पण ते निम्मे मोबाइलचे. ही नऊ मिनिटं पूर्ण माझी.

दि. १९ जानेवारी, सोमवार.
नवी सोय. स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर, माझ्याकडे खाली चहापुरती शेगडी. रात्रीचं ताट ऋतुजा घेऊन यायची आणि माझं जेवण होईपर्यंत बसायची. आता तिचा वेळ जातो. म्हणून केदारने जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून दोरीला टोपली बांधून सोडली. म्हणाला, आई, तुला होम डिलिव्हरी. सुनीती वरून ओरडते, आई, सोडतेय हं! मी ताट काढून घेते, ती दोरी ओढते. फुलका अगदी गरम येतो. हा फायदा आधी नव्हता.
टोपलीला देवघरातली जुनी घंटी बांधून घेतली. रिकामी ताटली ठेवली की वाजवायची, म्हणजे वर कळतं.
जेवताना बोलू नये असं शास्त्रच आहे.

दि. २३ जानेवारी, शुक्रवार.
एक गोष्ट लक्षात आली. वरचे दोन्ही डबे चोवीस तास चालू. विजेचा अपव्यय. त्यांचं बटण समाधानने मीटरशेजारी, माझ्या दाराजवळच काढलंय. ठरवलं : साडेसहा ते साडेसात बंद. तिन्हीसांजेला यंत्रालाही विश्रांती हवी.
आजपासून सुरुवात केली. सहा बत्तीसला सगळे खाली! केदार सोफ्यावर, सुनीती मेथी घेऊन, ऋतुजा तिसऱ्या पायरीवर. शुभं करोति शेवटपर्यंत म्हटलं. चहा दोनच कपांचा होता, पाणी वाढवून चार केले. केदार म्हणाला, आई, चहा आहे का चहाची आठवण? सगळे हसले. मीसुद्धा.
देव पावला.

दि. २८ जानेवारी, बुधवार.
रोज घर भरलेलं. सुनीती म्हणाली, नेट जातं ते बरोबर साडेसहाला, मुहूर्त काढल्यासारखं. केदारने समाधानला बोलावलं. तो बटणाकडे बघून माझ्याकडे बघायला लागला. मी पेढा दिला. म्हणाला, संध्याकाळी लोड येत असेल.
जाताना त्याला विचारलं, तासभर बंद ठेवलं तर किती वीज वाचेल. म्हणाला, आजी, महिन्याचे दोन-तीन रुपये. दोन रुपये काय झाडाला लागतात?

दि. १ फेब्रुवारी, रविवार.
ऋतुजाची मोबाइलवर सराव परीक्षा होती. मला माहीत नव्हतं. मध्येच तुटली. ती धावत खाली आली तेव्हा माझा हात बटणावरच होता.
ओरडली असती तर बरं झालं असतं. आजी, तू? एवढंच म्हणाली. बटण लावलं आणि गेली. केदार म्हणाला, आई, काही हवं असलं तर सांगायचं ना. काय सांगायचं? वीज वाचवत होते.
ठरवलं : बटणाला हात लावायचा नाही. उद्या एकवेळ जेवण.

दि. ७ फेब्रुवारी, शनिवार.
वरच्या मजल्यांना वेगळं कनेक्शन आलं. केदार म्हणाला, आई, आता तुला कसलाच व्याप नको. माझे दोन्ही डबे टोपलीतून खाली आले. कुंकू अजून होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवले. कधीतरी उपयोगी पडतील.
समाधान म्हणाला, आता खालचं नेट तुम्हाला एकटीला. राजेशाही! राउटरचे हिरवे दिवे लुकलुकतात. एक फूल वाहिलं.
परीक्षा संपू दे. मग ऋतुजा मोकळीच.

दि. १९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा.
परवा पेपर संपले. त्या दिवशी चार कप चहा ठेवला. पोरगी दमून झोपली होती म्हणे. काल मैत्रिणींकडे गेली.
गुढी गच्चीत उभारली. सकाळी सगळे खाली येऊन पाया पडून गेले. ऋतुजा नवा ड्रेस दाखवून गेली, निळा, तिला खुलतो. दारातून गुढी दिसत नाही. गल्लीत चार पावलं जाऊन मान वर केली, तर नुसता तांब्या दिसला. कडुनिंब, गूळ आणि श्रीखंडाची वाटी टोपलीतून आली.
दुपारी समाधान बिलाला आला. म्हणाला, खालचं कोणी वापरत नाही, ठेवायचं का बंद करायचं? मी म्हटलं, विचारून सांगते.
वर ओरडून विचारण्यासारखं नाही. म्हणून वाटीबरोबर चिठ्ठी ठेवली. नक्कल इथे उतरवून ठेवते.

चि. ऋतुजास अनेक उत्तम आशीर्वाद.
श्रीखंड पोचलं. वेलदोडा जरा कमी, पण आईला सांगू नकोस.
खालचं वायफाय ठेवायचं की बंद करायचं, असं समाधान विचारतो आहे. माझ्या फोनला त्याचा उपयोग नाही. त्याने तपासून सांगितलं की रेंज फुल आहे, आणि सगळ्यात चांगली तिसऱ्या पायरीवर. पायरी मी रोज पुसते. पाठीला लोड शिवून ठेवलाय. कुणाला लागणार असेल तर ठेवीन, नाहीतर उगाच खर्च. घाई नाही, महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.
त्या दिवशी मी वीज वाचवत नव्हते.
घंटी वाजवली आहे. टोपली रिकामी खाली सोडू नकोस. काय ते उलट टपाली कळवावे.