छत्तीसच्या रोलमध्ये एक्कावन्न

४ जानेवारी, रविवार
मेहुणे जेवायला. जेवण झाल्यावर फोन टीव्हीला जोडून सहलीचे फोटो दाखवले. दोनशेच्या वर असतील. त्यातले अकरा एकाच सूर्यास्ताचे. सूर्यही कंटाळून बुडाला असेल. सौ. आणि लेक दोघीही वा वा म्हणत होत्या. सौ.चा भाऊ असल्यामुळे तिचं समजू शकतो. लेकीला मात्र काही अभिरुची असेल असं वाटलं होतं.
आजकाल बोट असलेला प्रत्येक माणूस फोटोग्राफर आहे.
निश्चय: फिल्मचा कॅमेरा घ्यायचा. तोही रेंजफाइंडर, म्हणजे जुना, सगळं हाताने जुळवायचा. एका लेखात वाचलं की तो येरागबाळ्याचं काम नाही. म्हणजे माझंच आहे.

७ जानेवारी, बुधवार
कॅमेरा घेतला. विकणारा दाताचा डॉक्टर. दवाखान्यात गाल सुजलेले दोन पेशंट ताटकळत होते आणि हा गृहस्थ मला कॅमेऱ्याचा इतिहास सांगत होता. फोकस कसा करायचा तेवढं दाखवतो म्हणाला. मी थांबवलं. म्हटलं, विमा कंपनीच्या दावा विभागात आयुष्य घालवलंय, माहितीपुस्तिका वाचता येते मला. निदान रोल कसा भरायचा तेवढं तरी बघा, म्हणाला. दातवाल्यांना सगळ्यांचं तोंड उघडून बघायची सवय.
घरी येऊन पुस्तिका उघडली. परक्या भाषेत आहे. चित्रं स्पष्ट आहेत.

९ जानेवारी, शुक्रवार
रोल भरला. लोक याचा इतका बाऊ का करतात कळत नाही. चौथ्या चित्रात फिल्मचं टोक कुठल्यातरी खाचेत अडकवताना दाखवलंय. अनाडी लोकांसाठी असावं. मी नुसतं ठेवलं, झाकण लावलं. झाकण बसलं म्हणजे काम झालं.
सौ.ने विचारलं, फोटो दिसतात कुठे यात? समजावत बसलो नाही.

११ जानेवारी, रविवार
पहिली फेरी. बंद दुकानाचं शटर, सायकलचं चाक, बाकावर बसलेला एक म्हातारा. म्हाताऱ्याने विचारलं, माझा फोटो कशाला? म्हटलं, चेहऱ्यावर आयुष्य दिसतंय. तो म्हणाला, मग नको. आणि उठून गेला. सर्वसामान्य माणसाला कलेची भीती वाटते.
एक अडचण. कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना मधोमध सगळं दोनदा दिसतं. एक म्हातारा आणि त्याच्या शेजारी फिकट दुसरा म्हातारा. डोळे दाखवायला हवेत. वर्षानुवर्षं लोकांच्या खोट्या बिलांकडे बघून दुसरं काय होणार.

१४ जानेवारी, बुधवार
रोल छत्तीस फोटोंचा असतो म्हणतात. माझे एक्कावन्न झाले आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका अजून ओढला जातोय. शेवटी मीच थांबलो. हात हलका असला की फिल्म पुरते, असं दिसतंय. बाकीचे बहुतेक ओढाताण करत असतील.
मेहुण्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी लगेच थंडीचा विषय काढला. मत्सर.

१७ जानेवारी, शनिवार
रोल धुऊन आणला. कोरा. लॅबवाला म्हणाला, फिल्म अडकलीच नव्हती, आत जागच्या जागी बसून होती, एकही फोटो निघालेला नाही. चेहरा मख्ख ठेवून बोलत होता, पण आतून हसत होता. मी असे चेहरे ऑफिसात रोज बघतो. माणूस म्हणतो, गाडी आपोआप उतारावरून गेली साहेब, मी तर चहा पीत होतो. मी त्याच्याकडे बघतो आणि ‘नामंजूर’ लिहितो.
लॅबवाल्याचं म्हणणं नामंजूर. औषध चुकलं असणार.
एक्कावन्न फोटो गेले. त्यातले निदान दहा तरी भिंतीवर लावण्यासारखे होते.

१९ जानेवारी, सोमवार
डोळ्यांच्या डॉक्टरकडे अर्धा दिवस. डोळ्यांत थेंब घातले, मग जगच धूसर. त्याआधी अक्षरांच्या पाटीवर शेवटची ओळ वाचली होती, तरी त्यांना काही सापडेना. दोन-दोन कधी दिसतं, विचारलं. म्हटलं, कॅमेऱ्यातून. एरवी? एरवी नाही. मग कॅमेरा कुणालातरी दाखवा, म्हणाले, आणि पुढच्या पेशंटची घंटा वाजवली.
शिकलेली माणसं अशी हात झटकतात.

२१ जानेवारी, बुधवार
लेकीला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात. एक तारखेला निघायचं. सौ. एकाच वेळी हसत आणि रडत होती, कुठल्यातरी एकावर ठरत नव्हती. मी म्हटलं, उत्तम, नोकरी म्हणजे नोकरी. लेक म्हणाली, बाबा, एवढंच?
एवढंच काय, बरंच मनात होतं. पण मी तेव्हा कॅमेऱ्याचा मागचा भाग पुसत होतो.
संध्याकाळी तिने कॅमेरा हातात घेतला, फोनवर दोन मिनिटं काहीतरी वाचलं आणि भिंगाची कडी फिरवली. म्हणाली, “बाबा, इकडे बघ. दोन चित्रं दिसतात ना, ती एकावर एक आणायची. जुळली की फोकस झाला.”
डोळा लावला. फिकट सौ. सरकत सरकत आली आणि खऱ्या सौ.मध्ये मिसळली.
मी म्हटलं, माहीत होतं मला, तुला जमतंय का बघत होतो. तिने नवा रोलही भरून दिला. खटका ओढला की वरचं बटन गरगर फिरलं पाहिजे, तरच फिल्म पुढे सरकते, असं दाखवलं. बटन फिरलं. मुलीला विषयात गती आहे. माझ्यावर गेली.
मग म्हणाली, मी जायच्या आधी माझा आणि आईचा एक तरी नीट फोटो काढ. फोनवरचा नको. तुझा हवा.
मेहुण्यांना हे ऐकवायला हवं होतं.

२५ जानेवारी, रविवार
लेकीवर सराव. ती खिडकीजवळच्या खुर्चीत चहा घेऊन बसली. प्रकाश सुंदर. आधी काल आणलेल्या, गळ्यात अडकवायच्या प्रकाशमापकाने तिच्या गालाजवळ जाऊन मोजलं. सौ. म्हणाली, ताप किती आहे? दुर्लक्ष केलं. मग ते आकडे कॅमेऱ्यावर लावले, मागे आलो, चित्रं जुळवायला लागलो. तेवढ्यात लेकीने कप उचलला. पुन्हा जुळवली. तिने कप ठेवला. पुन्हा मोजलं. आता ऊन सरकलं.
चहा संपला. तिने विचारलं, झाला का? म्हटलं, क्षण आला नाही. ती म्हणाली, मी तासभर इथेच होते.
लेक हलते. सौ. हलते. आमच्या घरात कुणाला स्थैर्यच नाही.

२९ जानेवारी, गुरुवार
रजा काढली होती. लेक म्हणाली, बॅग घ्यायला चल माझ्याबरोबर, तुला चेन आणि चाकं बरोबर कळतात. खरं आहे, मला कळतात. पण बाहेर ढग होते, प्रकाश एकसारखा, असा दिवस वाया घालवणं म्हणजे गुन्हा. आईला घेऊन जा म्हटलं.
रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर सराव केला. विजेचा खांब हा आदर्श विषय आहे. उभा राहतो, चहा पीत नाही, झाला का विचारत नाही. नऊ फोटो. एकेक असा जुळलाय की बस.
मायलेकी परतल्या त्या कशावरून तरी पोट धरून हसत होत्या. काय झालं ते सांगायला लागल्या आणि तिथेच पुन्हा हसायला लागल्या. मी थांबलो नाही. बायकांचे विनोद लांबतात.
बॅगेचं एक चाक किंचित कुरकुरतं. मी असतो तर घेऊ दिली नसती.

३१ जानेवारी, शनिवार
उद्याचे नियम सर्वांना सांगितले. बसस्टँडवर कुणीही फोन काढायचा नाही. दोनशे फोटोंचा चिखल नको. एकच फोटो निघेल, माझा, आणि तो नातवंडांच्या हातात जाईल.
मेहुणे गाडी घेऊन येणार आहेत, त्यांना विशेष सांगितलं. ते चाचरत म्हणाले, असू द्यावा एखादा जोडीला, काही बिघडलं तर? यालाच म्हणतात आत्मविश्वासाचा अभाव. म्हटलं, तुमच्या फोनला एक दिवस विश्रांती द्या, त्यालाही बरं वाटेल.
लेक म्हणाली, बाबा, बस नऊला सुटते. फार वेळ लावू नकोस हं.
वेळ! जणू मी वेळ लावतो.

१ फेब्रुवारी, रविवार
सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस महत्त्वाचा.
पोचलो तेव्हा बस लागलेली होती. लेक आणि सौ. दाराजवळ उभ्या. सूर्य मागून. चूक. त्यांना खांबाच्या पलीकडे नेलं. तिथे अर्ध्या चेहऱ्यावर सावली. पुन्हा हलवलं. सौ.चे डोळे सुजलेले, फोटोत दिसणार, रुमालाने पुसायला लावले, तर जास्तच लाल झाले. मी मोजमाप केलं. आकडे लावले. चित्रं जुळवत आणली, अगदी लेकीच्या नाकावर, आणि नेमका फोटो काढताना एक हमाल मधून गेला. पुन्हा सुरुवात. कंडक्टर ओरडला, चला. एखाद्याला आपलं तिकीट हेच विश्व वाटतं.
शेवटी पुरतं जुळलं. सौ. स्थिर, लेक सरळ बघतेय, प्रकाश मऊ. आणि नेमकी तेव्हाच लेक पुढे चालत आली. फोकस गेला. मी म्हटलं, मागे जा, मागे जा, बिघडतंय सगळं. ती थांबली. मग मागे गेली. पण चेहऱ्यावरचे आधीचे भाव राहिले नव्हते, त्याला मी काय करणार.
ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती आईच्या गळ्यात पडली आणि पळत चढली. बस हलल्यावर मी नेमका क्षण साधला. खिडकी, तिचा हात, मागे वळलेली मान. डोळ्यांसमोर दिसतोय तो फोटो. अप्रतिम.
परत येताना मेहुण्यांनी गाडी हळू चालवली. मी प्रकाशाबद्दल थोडं सांगितलं. सौ. खिडकीबाहेर बघत होती. दमली असावी.

७ फेब्रुवारी, शनिवार
लॅब. तोच माणूस, दुसरी लॅब लांब पडते.
यावेळी फोटो आले. खांबाचे नऊच्या नऊ उत्कृष्ट. वरच्या, तारा बांधायच्या चिनीमातीच्या टोप्या मोजता येतात. खुद्द लॅबवाला म्हणाला, खांब छान आलेत.
बसस्टँडचे दोन. एकात हमालाचं कोपर. दुसरा शेवटचा, सुटत्या बसचा. बस पुढे गेली होती, एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागची बाजू आली आहे. नंबर ठळक वाचता येतो.
खिडकी नाही. हात नाही.
कारणं: ड्रायव्हरने बस झटक्याने काढली. हमाल. सूर्य. कॅमेऱ्याचं बटन दातवाल्याने सैल करून ठेवलेलं असणार. सौ.ने विचारलं, आला का फोटो? म्हटलं, लॅबवाल्याने वेळ मागितलाय. लेकीलाही फोनवर तेच सांगितलं. ती म्हणाली, बरं.

१५ फेब्रुवारी, रविवार
मेहुणे आले. टीव्हीला काही जोडलं नाही. चहा प्यायले, हवापाण्याचं बोलले. सौ. आतून एक फ्रेम घेऊन आली आणि भिंतीवर कुठे लावू, विचारलं.
म्हणजे त्यांनी त्या दिवशी फोन काढला होता. माझ्या मागे उभं राहून, सरळसरळ नियम मोडून. त्याच संध्याकाळी लेकीला पाठवलाही होता. सौ.ने दोन आठवडे फोनवर ठेवला होता, मग छापून आणला. घरात मी सोडून सगळ्यांनी बघितलाय.
फोटोत लेक आहे. दोन्ही हात पसरलेले, डोळ्यांत पाणी, आणि हसतेय. एक पाय पुढे. माझ्याकडे येतेय. मी पाठमोरा. उजव्या हाताने कॅमेरा डोळ्याला लावलेला, डावा हात पुढे, पंजा उघडा, चौकातल्या पोलिसासारखा. मागे सौ. उभी आहे. ती लेकीकडे बघत नाहीये. माझ्याकडे बघतेय.
दोष शोधले. बस किंचित तिरकी आली आहे. वर आभाळ जास्त घेतलंय. फोकस बरोबर आहे. प्रकाश बरोबर आहे.
मी मेहुण्यांकडे बघितलं. वाटलं आता बोलतील. त्यांनी फ्रेम माझ्या हातातून हळूच घेतली आणि सौ.ला म्हणाले, ताई, इथे नको, आत लाव.

१६ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसातून लेकीला फोन केला. फोटो आला नाही म्हणून सांगितलं. बसचं, हमालाचं सांगणार होतो. नाही सांगितलं. ती म्हणाली, असू दे रे.
मग विचारलं, तू तेव्हा पुढे का आली होतीस?
पलीकडे तिने कुणालातरी, आलेच, म्हणून सांगितलं.
“काही नाही बाबा,” म्हणाली. “असंच.”