फोटोपुढचे ताट

हिरोशिमा, एप्रिल १९२०

आदरणीय दादा,

घटना क्रमाने मांडते. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही माझे लग्न अमेरिकेत फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्यात राबणाऱ्या मासानोसुके यांच्याशी ठरवले. शरदात मला त्यांच्या फोटोशेजारी बसवून लग्नविधीच्या साके-मद्याचा घोट पाजला आणि माझे नाव त्यांच्या घराण्यात नोंदवले. पारपत्रासाठी ती नोंद सहा महिने जुनी लागते, म्हणून मी सासरी थांबले. तेवढ्यात अमेरिकेची मर्जी राखण्यासाठी आपल्या सरकारने फोटोवर लग्न झालेल्या बायकांना पारपत्र देणेच बंद केले.

कचेरीतला कारकून हसून म्हणाला, "बाई, त्यांनी हाकलायच्या आधी आपणच दार लावलं. सभ्य राष्ट्र आहोत आपण!" या सभ्यतेची मला किळस येते.

दूरदेशीच्या माणसासाठी घरी ताट मांडायची रीत आहे. रोज सकाळी मी त्या फोटोपुढे भात ठेवते आणि निवल्यावर तोच मला खावा लागतो. लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते, म्हणून सासूबाई टोमणा मारतात, "मास्तरीणबाई, चावा नीट! नवऱ्याचं उष्टं आहे ते." शेजारणी खिदळतात.

तुम्ही परराष्ट्र खात्यात आहात. मागच्या महिन्यात भेटलात तेव्हा म्हणालात, "थोडं सोस गं, दोन देशांचे संबंध नाजूक आहेत." सोसण्याचे काम मात्र दोन्ही देशांनी माझ्यावर सोपवलेले दिसते.

मला या घरातून सोडवून माहेरच्या नोंदीत परत घेणार आहात की नाही? तोंडी सौजन्य नको. सहीनिशी, लेखी उत्तर द्या.

आपली बहीण,
त्सुरुयो
(आडनाव तुमच्या उत्तरानंतर लिहीन.)