तिसऱ्या विश्वस्ताची सही

प्रति,
मा. निबंधक,
विश्वस्त संस्था नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, आवक खिडकीशेजारची खोली.

अर्जदार : दातांच्या कवळ्या बनवणारी बाई,
दवाखान्यामागची गल्ली, वरची खोली.

विषय : ‘थारा’ या निर्वासित व आश्रयार्थी साहाय्य संस्थेची तिसरी विश्वस्त म्हणून माझी नेमणूक येत्या गुरुवारच्या आत मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज. २) तो नामंजूर केल्याचे आपले पत्र. ३) माझा दुसरा अर्ज, जो आपल्या कार्यालयात गहाळ झाल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. ४) त्याच गहाळ अर्जाला आलेले आपले लेखी उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून तिसऱ्यांदा अर्ज सादर करते की,

१. आमच्या संस्थेच्या घटनेनुसार विश्वस्त तीन असावे लागतात. सध्या दोनच आहेत. एक अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, आणि दुसरे औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात. तिसरे वकीलसाहेब होते, ते वारले. त्यांच्या जागी कोणी यावे म्हणून बाईंनी ओळखीतल्या सगळ्यांचे उंबरे झिजवले. जुने कपडे द्यायला लोक पिशव्या भरून येतात, भांडी देतात, मुलांच्या सायकली देतात. विश्वस्त म्हणून सही करा म्हटले की मात्र सगळ्यांची दातखीळ बसते. दातांशी माझा रोजचा संबंध असल्याने हे मी खात्रीने सांगू शकते. शेवटी मी हो म्हटले. मला पदाची हौस नाही, हे आधीच नमूद करते. माझे काम मेण, प्लास्टर आणि पॉलिशचे. सभा म्हटली की मला झोप येते.

२. तिसरी सही का हवी, ते सांगते. संस्थेत दोन बहिणी राहायला आल्या. दोघी मोठ्या, कामाधामाच्या बायका. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. त्यांच्या गावात मुक्यांची शाळा नव्हती, म्हणून दोघींनी लहानपणी आपापसांत खुणा बनवल्या आणि त्यांवरच त्यांचा सगळा संसार चालतो. समोरच्या दातावर नख वाजवले की मी. चष्मा वर सारला की मुख्याध्यापिकाबाई. तळहातावर मूठ आपटली की साहेब, कोणताही साहेब, कारण शिक्के मारताना त्यांनी पुष्कळ साहेब पाहिले आहेत. अशा वीसेक खुणा मला येतात. बाकी सगळ्या थोरलीलाच येतात, आणि जगात दुसऱ्या कोणालाही येत नाहीत.

३. धाकटी आजारी होती म्हणून सरकारने तिला सुनावणीपर्यंत राहू दिले. थोरलीचा राहण्याचा तात्पुरता परवाना मात्र संपला. अशा वेळी संस्थेने राहण्या-जेवण्याची हमी लिहून दिली तर माणूस संस्थेतच राहतो, नाहीतर त्याला बंद छावणीत नेतात. हमीपत्रावर तिन्ही विश्वस्तांच्या सह्या लागतात. आमच्याकडे दोन होत्या. गेल्या आठवड्यात थोरलीला नेले. आता येत्या गुरुवारी धाकटीची सुनावणी आहे. सरकारने खुणांची भाषा जाणणाऱ्या एक दुभाषी बाई पाठवल्या होत्या. भली बाई. तासभर हात हलवले, घाम पुसला आणि या खुणा माझ्या भाषेतल्या नाहीत असे सरळ लिहून दिले. नोटिशीत म्हटले आहे की, अर्जदाराने निवेदन न केल्यास प्रकरण बंद करून तिला परत पाठवण्यात येईल. धाकटी जिथून पळून आली तिथे परत. तिने काय भोगले ते थोरलीच्या हातांशिवाय कोणाला सांगता येणार, हे आपणच सांगावे.

४. आपण माझा पहिला अर्ज नामंजूर केला, कारण मी पूर्वी याच संस्थेची लाभार्थी होते आणि लाभार्थीस विश्वस्त होता येत नाही. होते, नाकारत नाही. तरुणपणी याच दारात अंगावरच्या कपड्यांनिशी उभी राहिले होते. पण त्याला जमाना झाला. आता मी इथली नागरिक आहे, भाडे भरते, कर भरते. तरीही ‘लाभ संपल्याचा दाखला’ आणा, असे आपण कळवले. आनंदाने आणला असता. चौकशी केली तेव्हा कळले की हा दाखला संस्थेनेच द्यायचा असतो, आणि त्यावर तीन विश्वस्तांच्या सह्या लागतात. महोदय, तिसरा विश्वस्त असता तर मी तिसरी विश्वस्त व्हायला आले असते का? हा प्रश्न मी आपल्या लिपिकांना विचारला. त्यांनी थोडा विचार केला आणि तो लेखी विचारावा असे सुचवले. म्हणून लेखी विचारत आहे.

५. त्यानंतर संस्थेच्या जुन्या नोंदीत माझ्या नावावर एक राखाडी ब्लँकेट आढळले, म्हणजे लाभ अजून चालूच असल्याचे आपण कळवले. ते ब्लँकेट धुऊन, वाळवून, घडी घालून मी आपल्या कार्यालयात जमा करायला आणले. आवक खिडकीवर सांगण्यात आले की कागद आवक होतो, ब्लँकेट होत नाही. घरी परत नेले तर लाभ चालू राहील, आणि इथे ठेवले तर पावती मिळणार नाही. माझ्या डोक्याचा भुगा झाला, मी ते खिडकीतच ठेवून आले. परवा पुन्हा हेलपाटा घातला तेव्हा ते आवक लिपिकांच्या खुर्चीवर चौघडी करून घातलेले दिसले. त्यांना कंबरेचा त्रास आहे, माझी काही हरकत नाही. पण आता त्या ब्लँकेटचे लाभार्थी कोण, एवढे तरी ठरवावे आणि मला मोकळे करावे.

६. निरीक्षकसाहेब संस्थेच्या पाहणीस आले, त्याबद्दल. अहवालात दोन आक्षेप आहेत. पहिला, अर्जदार संस्थेच्या स्वयंपाकघरात चहा पिताना आढळली. आढळले. चहापत्ती माझी होती, दूध काकांचे होते, आणि त्याच पातेल्यातला चहा निरीक्षकसाहेबांनीही घेतला, दोनदा. दुसरा, दार उघडणाऱ्या बाईने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. ती धाकटी होती. आमच्या घराची जुनी रीत आहे की दार सगळ्यांत शेवटी आलेल्या माणसाने उघडायचे, कारण दाराबाहेर उभे राहणे कसे असते ते त्याला ताजे आठवत असते. मी आले तेव्हा दार उघडणाऱ्या म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता आणि तरी ती तोंडभर हसली होती. ते हसू मी विसरले नाही. धाकटीला घंटा ऐकू येत नाही, म्हणून ती संध्याकाळची दाराला तळहात लावून उभी राहायची. थाप पडली की हाताला कळायचे. निरीक्षकसाहेबांना तिने दार उघडले, हसली, आत बसवले. अहवालात यापैकी एक अक्षर नाही.

७. गहाळ अर्जाच्या उत्तरात आपण नवी अट घातली की मला जन्मापासून ओळखणारे दोन प्रतिष्ठित गृहस्थ साक्षीदार म्हणून हवेत. मला जन्मापासून ओळखणारी आई होती, सुईण होती, शेजारचा लोहार होता. आई आणि सुईण एकाच दिवशी गेल्या, त्या दिवसामुळेच मी इथे आले. लोहार असेल तर सीमेपलीकडे असेल, आणि त्याला प्रतिष्ठित म्हणणारे आता तिथे कोणी उरलेले नाही. इथे मला ओळखणारे लोक पुष्कळ आहेत. गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात. त्यांतले काही प्रतिष्ठित आहेत, एक तर माजी न्यायाधीश आहेत. पण त्यांनी मला जन्मताना पाहिलेले नाही आणि आता ते जमण्यासारखे नाही.

८. माझ्या प्रकरणावर आपला शेरा असा की, अर्जदाराची सदर प्रकरणात ‘भावनिक गुंतवणूक’ दिसते. मान्य आहे. मी परवा आपल्या जिन्यात बसून रडले, ते शिपायांनी पाहिले असणार. पण विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकायचा तो, असे मी समजत होते. ज्याला काडीचेही पडलेले नाही त्याच्यावर विश्वास टाकावा असा नियम असेल, तर त्याची प्रत मिळावी.

९. आता जे लिहायचे नव्हते ते लिहिते. थोरलीला न्यायला लोक आले तेव्हा दार धाकटीनेच उघडले. हाताला थाप कळली, हसली, या बसा अशी खूण केली. ते बसले नाहीत. थोरलीचे दोन्ही हात त्यांनी धरले होते, त्यामुळे जाताना तिला बहिणीशी एक शब्द बोलता आला नाही. तेव्हापासून धाकटी दाराला पाठ लावून खाली बसली आहे आणि कोणालाही ते उघडू देत नाही. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करतो. दिवसातून कितीदा तरी ती मला एकच खूण करते. उजवा तळहात छातीवर ठेवते, तोच हात उलटा करून डाव्या कोपरापर्यंत नेते, दाराकडे बघते, आणि भुवया उंचावून माझ्या तोंडाकडे बघत थांबते. भुवया उंचावल्या म्हणजे प्रश्न, एवढे मला येते. प्रश्न काय ते येत नाही. बाईंना वाटले डोके दुखते, काकांनी गोळी दिली. धाकटीने गोळी त्यांच्या खिशात परत ठेवली आणि पुन्हा तीच खूण केली. भूक नाही, तहान नाही, सगळे विचारून झाले. मला एकच धास्ती आहे. ‘मी दार उघडायला नको होते का,’ असे तर ती विचारत नाही ना? आणि मी काही न कळून मान हलवते आहे, ती हो म्हणून हलते आहे की नाही म्हणून, ते तिचे तिलाच माहीत.

तरी महोदयांस विनंती की,

(अ) माझी तिसरी विश्वस्त म्हणून नेमणूक गुरुवारच्या आत मान्य व्हावी. थोरलीला सुनावणीआधी छावणीतून परत आणणारे हमीपत्र लिहून तयार आहे, दोन सह्या झाल्या आहेत, तिसरी मी उभ्या उभ्या करीन.

(आ) मी नियमात बसतच नसेन, तर आपण स्वतः ती जागा घ्यावी. मी चेष्टा करत नाही. संस्थेचे ब्लँकेट न घेतलेले, जन्मापासून ओळखणारे साक्षीदार हाताशी असलेले आणि भावनिक गुंतवणूक नसलेले असे गृहस्थ मला या शहरात आपणच दिसता. एकच सही करायची, दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यावा. येताना मागच्या दाराने यावे.

(इ) हेही शक्य नसेल, तर माझा अर्ज खुशाल फेटाळावा, मी पुन्हा येणार नाही. फक्त सोबतचे चित्र, आम्हाला जाऊ देत नाहीत त्या बंद छावणीत, थोरलीला दाखवावे आणि या खुणेचा अर्थ काय, तो लेखी, तोंडी, शिपायाकडून, कसाही, पण गुरुवारच्या आधी आम्हाला कळवावा. म्हणजे निदान तिला खरे उत्तर तरी देता येईल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
कवळीवाली बाई
सोमवार, आपल्याच कार्यालयाच्या बाकावर बसून लिहिला.

सोबत :
१) नागरिकत्वाचा दाखला.
२) चहापत्तीची पावती.
३) ब्लँकेट (आपल्याकडेच आहे).
४) हमीपत्र, दोन सह्यांचे.
५) खुणेचे चित्र. काकांनी औषधाच्या पुड्याच्या कागदावर काढले आहे. हात थोडे मोठे झाले आहेत आणि बोटे नीट जमली नाहीत, पण थोरली ओळखेल.