इफुएकोने पुढे शिकावे की नाही

बेनिन सिटी, मंगळवार

ती. नोसाखारेदादांस, धाकट्या अदेसुवाचा गुडघे टेकून नमस्कार. आपल्या घराण्याचा सकाळचा नमस्कारही यातच धरावा. (तो दुपारी करत नाहीत आणि मी लिहायला बसले तेव्हा उन्हं कलली होती, म्हणून पत्र सकाळीच उघडावं.) तुमचा गुडघा, वहिनींचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या चर्चमधला तो भांडखोर ऑर्गनवाला, तिघांसाठीही रोज प्रार्थना करते.

पत्रास कारण, आमची इफुएको. चार वर्षं संग्रहालयात आहे, शाळेच्या मुलांना सगळं दाखवते. आता तिला तुमच्या इबादानच्या विद्यापीठात संग्रहालयाच्याच विषयाच्या एम.ए.ला प्रवेश मिळालाय. मी म्हटलं, नोकरी आहे तर नोकरीचं शिक्षण कशाला? भरल्या ताटावरून उठून स्वयंपाक शिकायला जायचं? (मी मॅट्रिक, पण माझ्या घरखर्चात आजवर गडबड नाही.) ती म्हणाली, "आई, मलाही नक्की कळत नाहीये."

देवाकडूनच उत्तर मिळावं म्हणून गेल्या गुरुवारी पास्टरांनी आशीर्वादलेलं ऑलिव्ह तेल पर्समध्ये घातलं आणि तिचा डबा घेऊन गेले. ती मुलांबरोबर होती. मी तिच्या खोलीच्या चौकटीला तेल लावलं, खुर्चीला लावलं. टेबलावर कुणाच्या तरी पूर्वजांच्या देव्हाऱ्यावरचा जुना लाकडी दंड होता. पोरगी रोज याच्याशेजारी बसते म्हटल्यावर मी त्याच्यावर जरा जास्तच ओतलं. (बाटलीचं बूच सैल होतं. त्यात माझा दोष नाही.)

दादा, लाकूड ते तेल प्यायलाच लागलं! इफुएको आली, ओला फडका घेऊन धावली. तेवढ्यात ओमोरुयीबाई आल्या. वस्तूंची डागडुजी त्यांच्याकडे, शिकलेल्या आहेत. "खबरदार! पाणी नको, चोळू नको, टिपून घे!" मग टीपकागद आणले आणि तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं टिपत बसल्या. डाग थोडा राहिलाच. त्यांना वर लेखी कळवावं लागलं, पण मला फक्त एवढंच म्हणाल्या, "आई, पुढच्या वेळी आशीर्वाद कोरडा आणा." मी हळूच विचारलं, शिकून फायदा होतो का हो? तर म्हणाल्या, "एम.ए. झाल्यावर तीन वर्षं घरी बसले होते. बढतीसाठी शिकायचं असेल तर नका पाठवू."

घरी येताना पोरगी रडत होती. मला वाटलं, माझ्यामुळे. म्हणाली, "नाही गं. चार वर्षं मी या वस्तूंबद्दल नुसती बोलतेय. त्यांना काही झालं तर काय करायचं ते मला येत नाही. त्या ओल्या फडक्यानं मीच तो दंड तुझ्यापेक्षा जास्त खराब केला असता."

तेव्हापासून ओगबोनोचं सूप ढवळतानाही मी तोच विचार करतेय. बढतीची खात्री नाही. शिकून आल्यावर हीच खुर्ची मिळेल, याचीही नाही. पण जे आपल्या हाती सोपवलंय ते सांभाळता येत नाही म्हणून रडणाऱ्या पोरीला "गप्प बस, पगार मिळतोय ना" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही मोठे आहात. शांतपणे विचार करून काय ते कळवावं.

तुमची,
अदेसुवा

ता. क. तुमची मागची खोली रिकामी आहे असं कळलं. रिकामी खोली दमट होते, वहिनींनी जपावं.

ता. क. दुसरा : घाई अजिबात नाही. मात्र हे पत्र घेऊन आलेली इफुएको दारातच उभी असेल आणि तिची ट्रंक जड आहे.