पानाच्या कडेचा हात

३ डिसेंबर

पुस्तक चोरीला गेलं. कपाटातून नव्हे — फोनवर. सकाळी प्रकाशक परिमलबाबूंचा फोन. वाईट बातमी सांगायची असली की या माणसाचा आवाज खुलतो. "अभिनंदन, शर्बाणीदी! कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात तुमच्या कादंबरीला कुत्रं विचारत नाही, आणि तिकडे फुकटात रांग लागलीय." कोणीतरी एकेका पानाचा फोटो काढून अख्खी कादंबरी वाचकांच्या एका ग्रुपवर टाकली आहे. चार हजार लोकांनी उतरवून घेतली म्हणे.

राग यायला हवा होता. आला नाही. मटार सोलत बसले.

४ डिसेंबर

फाइल उघडली नाही. खाली लोकांनी लिहिलेलं मात्र वाचलं. मालद्याची एक नर्स म्हणते, ड्यूटीवर लपवून वाचली, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. बावीस वर्षं लिहितेय, छापील पुस्तक विकत घेऊन मला असं कोणी कळवलं नाही. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून स्वतःची चीड आली. तीही टिकली नाही.

टाकणाऱ्याचं नाव खोटं — पाणकोंबडी. वर दोनच ओळी: आमच्या गावात हे पुस्तक मिळत नाही. ज्यांना हवं त्यांनी वाचा.

५ डिसेंबर

परिमलबाबू तक्रारीचा कागद घेऊन घरीच आले. "रविवारपर्यंत सही करा. आणि पहिलं पान बघा जरा. चोर कोण, ते तुमच्याच अक्षरात आहे."

ते गेल्यावर उघडलं.

"झुनूला. रागावू नकोस. — दीदी."

माझी धाकटी बहीण. दिनहाट्याला असते. तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. कादंबरी आधी एका मासिकाच्या दुर्गापूजा विशेषांकात आली होती. त्यातला तो पेटी बडवणारा, कामाचा ना धामाचा जावई म्हणजे तिचा नवरा निशीथ, हे तिने लगेच ओळखलं. फोनवर म्हणाली, "तुला हसायला दुसरं कोणी मिळालं नाही का गं?" मी म्हटलं, अगं गोष्ट आहे ती. तिने फोन ठेवला. पुढे पुस्तक निघालं तेव्हा पहिली प्रत तिलाच पाठवली. पोचली की नाही, तेही कळवलं नाही.

पहिली दहा-बारा पानं चाळली. प्रत्येक फोटोत कडेला तिचा डावा हात, पान दाबून धरलेला. शंखाची बांगडी, लाल बांगडी, लोखंडी कडं — नवरा असलेल्या बाईचा भरला हात. शंखाची मध्ये तडकलेली, सोन्याच्या तारेने सांधलेली. आईची आहे ती. मला हवी होती.

६ डिसेंबर

सही केली नाही. झोप चांगली लागली.

७ डिसेंबर

परिमलबाबू फोनवर: "बहीण असली म्हणून काय झालं? चोर तो चोर." खरं आहे त्यांचं. पण शाळेत असताना लायब्ररीचं पुस्तक दोन दिवसांत परत द्यावं लागायचं, तेव्हा झुनू वाचायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. अख्खी पुस्तकं उतरवली आम्ही. बाबा कौतुक करायचे!

नवऱ्याची टर उडवलेलं पुस्तक ती गावभर का वाटतेय? सूड उगवतेय की माझी बहीण म्हणून मिरवतेय? समजत नाही. फोन करणार होते. नंबर काढला आणि ठेवून दिला. तीन वर्षं ती गप्प बसली, तिनेच आधी करावा.

८ डिसेंबर

रविवार. सही करायला बसले. त्याआधी एकशे बारावं पान बघावंसं वाटलं. जावई दम लागेपर्यंत खोकतो आणि त्यातही सूर धरतो, तो प्रसंग. वाचून सगळे हसतात. ते पान तरी तिने गाळलं असेल.

गाळलेलं नाही. फोटो स्वच्छ आहे, अक्षर न् अक्षर लागतं. हात तोच. पण मनगट मोकळं. एकशे अकरावर तिन्ही आहेत, एकशे बारावर एकही नाही. शंखाची एक वेळ फुटते. लोखंडी कडं नवरा असेपर्यंत आमच्यात कोणी उतरवत नाही.

निशीथ गेला. मला कळवलं नाही.

पुढे शेवटपर्यंत तोच मोकळा हात. एकही पान तिने सोडलेलं नाही.