दुपारची झोप

मांजरसुंबा
ता. १४ मे २०२५

प्रिय सोमनाथदादा,

मोहिनीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहे. सासूबाईंचा गुडघा दुखतो, तोंड मात्र जोरात चालू आहे. तिकडे गोदेकाठी मेंढरांना पाणी-चारा मिळतो ना? उन्हात डोक्याला काही बांधत जा, हट्टी माणूस तू.

ठीक आहे असं सवयीनं लिहिलं. ठीक नाही. कालपासून तुझा फोन लागत नाही, आणि लागला असता तरी तुझे दाजी जवळ येऊन बसतात. शेजारच्या रतनबाई दुपारच्या गाडीनं गेवराईला निघाल्यात, म्हणून त्यांच्या हाती ही चिठ्ठी.

हिवाळ्यात हे बोलेनासे झाले, ते तुला माहीत आहे. गावातल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. लोक म्हणाले, "बाजारात मंदी हाय, धुळाजीनं मनाला लावून घेतलं." मलाही पटलं, मेंढरांचे भाव पडलेच होते. मग भाव चढले, दोन मेंढे चांगले गेले, तरी हे तसेच. म्हणायचे, "मला काय बी वाटत न्हाई." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

बीडच्या डॉक्टर मॅडमनी डिप्रेशन सांगितलं. हा आजार आहे, गोळी मधेच सोडू नका, म्हणाल्या. वीसेक दिवसांत हे मेंढरांना शीळ घालू लागले. हे एवढं तुला सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही.

गोळीनं यांना सुस्ती यायची. एका दुपारी लिंबाखाली डोळा लागला आणि लांडग्यानं तीन कोकरं नेली. रानात झोपलेला धनगर म्हणून सगळा गाव हसला. मीही बोलले, नको ते बोलले. आणि गोळ्या पिठाच्या डब्यामागं दडवल्या. यांनी विचारलं तर संपल्या असं मी सांगितलं. दादा, हे मी केलं.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी हे तुझ्या तळावर आले आणि काठी-घोंगडी तुझ्या हाती दिली. तू मान समजून डोक्याला लावलीस, मीही घरी शेवया केल्या. आपल्यात म्हातारपणी हात थकले की काठी देतात. यांचं वय अडतीस, आपण दोघांनी एवढंही मोजलं नाही. मग शेजारच्या नाथाला आपला राखणीचा कुत्रा दिला. परवा मला एकेक मेंढी दाखवून सांगत होते, कुठली गाभण, कुठलीचा पाय दुखरा. म्हणाले, "तुला ठावं असावं." आवाज इतका शांत होता की त्या रात्रीपासून मी जागीच आहे.

आज सकाळी सासूबाईंना यांच्याजवळ बसवून मी बीडला गेले, मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, लगेच घेऊन या म्हणाल्या. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर एकटं सोडायचं नाही. पण हे हलत नाहीत. "मेंढरं कोन बघंल?" एवढंच म्हणतात. तू समोर उभा राहिलास तर नाही म्हणणार नाहीत, मला खात्री आहे.

गोळी माझ्या हातानं दिली. आत्ता समोर बसलेत, मी लिहिते ते बघतात, काय लिहितेस म्हणून विचारत नाहीत. मी पाण्यालासुद्धा जात नाही. पण दादा, दोन रात्री झाल्या, आता माझेच डोळे मिटायला लागलेत.

चिठ्ठी वाचून उठ, लगेच इकडे ये. मला काय बोलायचं ते नंतर बोल.

तुझी चुकलेली,
मोहिनी